बाणाच्या खुणेचा माल

ब्रिटिश सरकारच्या युद्धसामग्रीवर शतकानुशतके एकच खूण उमटवली गेली: टोकाशी एकत्र येणाऱ्या तीन आखूड रेषा, म्हणजे बाणाचे रुंद पाते. तोफा, नांगर, तांब्याचे पत्रे, पिंपे, पुढे रायफली, घड्याळे आणि मोटारीही या खुणेखाली आल्या. ‘ब्रॉड ॲरो’ या नावाने ती ओळखली जाते. ज्यावर ही खूण तो माल राजाचा, एवढाच तिचा अर्थ. पण या अर्थाभोवती चोरी, खरेदी-विक्री, पुरावा आणि कायदा यांचा मोठा पसारा वाढला. आज इंटरनेटवरच्या खासगी विक्रीत लष्करी सामान दिसले की जे प्रश्न पडतात, त्यांतले बहुतेक त्या पसाऱ्यात आधीच पडून गेलेले आहेत.

खुणेच्या उगमाविषयी एक लोकप्रिय समजूत आहे. १६९३ मध्ये शस्त्रसामग्री खात्याचा प्रमुख झालेला हेन्री सिडनी, अर्ल ऑफ रॉम्नी, याच्या घराण्याच्या ढालचिन्हात बाणाचे पाते होते आणि त्यानेच ते सरकारी मालावर आणले, असे सांगतात. ही गोष्ट टिकत नाही. १३८६ मध्येच लंडनच्या नगर न्यायालयाने एका भामट्याला भर चौकात खोड्यात उभे करण्याची शिक्षा दिली होती. राजवाड्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून तो दारू गाळणाऱ्यांच्या पिंपांवर बाणाची खूण करत असे. चौदाव्या शतकात ही खूण इतकी ओळखीची होती की तिची नक्कलही फायद्याची ठरे. पुढे समुद्रापलीकडच्या वसाहतींतही ती पोचली. मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेने २४ इंचांहून जाड झाडे राजाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली. निवडलेल्या पाइन वृक्षांच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने बाण कोरला जाई, आणि त्याच कारणावरून १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वेअर गावी दंगल झाली.

खुणेला खरी धार आली ती १६९८ च्या कायद्याने. राजाच्या गोद्यांतून दोर, खिळे, तांबे, शिडांचे कापड सर्रास बाहेर जात होते आणि चोर सापडला तरी खटला उभा राहत नव्हता. चोरी कोणी पाहिलेली नसे, आणि दोराचे एक भेंडोळे दुसऱ्यासारखेच दिसे. संसदेने यावर काढलेला तोडगा साधा पण कठोर होता. चोरी सिद्ध करायचीच नाही. खुणेचा माल ज्याच्या ताब्यात सापडेल त्याने तो आपल्याकडे रीतसर कसा आला ते दाखवायचे. दाखवता आले नाही तर २०० पौंड दंड, तोही अर्धा राजाला आणि अर्धा खबर देणाऱ्याला. खासगी व्यक्तीने सरकारी खूण करणे हाही गुन्हा ठरला. मात्र सरकार स्वतः जुना माल विकत असे, म्हणून एक पळवाट ठेवणे भाग होते: विक्री करणाऱ्या अधिकाऱ्यांनी खरेदीदाराला सहीचा दाखला द्यायचा आणि खरेदीदाराने तो जपून ठेवायचा. खूण, ताबा आणि दाखला या तिन्ही गोष्टी तेव्हापासून एकमेकींना बांधल्या गेल्या.

दोराला बाण मारता येत नाही, म्हणून खुणेचे प्रकार वाढत गेले. सरकारी दोरखंडाच्या पेडात वेगळ्या रंगाचा किंवा उलट पिळाचा एक धागा वळला जाई. नाविक त्याला ‘रोग्स यार्न’ म्हणत. दोर कितीही लहान कापला तरी तो धागा आतून डोकावेच. पुढे गोदीगणिक धाग्याचा रंग वेगळा ठेवला गेला, त्यामुळे चोरीचा तुकडा कोणत्या गोदीतला तेही कळू लागले. १८७५ च्या सार्वजनिक भांडार कायद्याच्या परिशिष्टात अशा खुणांची यादीच आहे. दोराला लोकरी धागे, शिडाच्या आणि झोळीच्या कापडाला नागमोडी निळी रेघ, निशाणाच्या कापडाला दुहेरी पट्टी, आणि मेणबत्तीला वातीतला निळा किंवा लाल सुती धागा. मेणबत्ती जळून गेल्यावर पुरावाही जळून जातो, हे यादी करणाऱ्यांच्या लक्षात आले नसेल असे नाही. पण अर्धवट जळालेल्या मेणबत्त्याही विकल्या जात.

खुणेच्या कक्षेबाहेर राहिलेला एक मोठा भाग होता, आणि तो रूढीने राखलेला होता. गोदीतल्या सुतारांना कामातून उरलेले लाकडाचे तुकडे घरी नेण्याचा हक्क असे. या तुकड्यांना ‘चिप्स’ म्हणत. जळणासाठी म्हणून सुरू झालेला हा हक्क हळूहळू पगाराचाच भाग झाला. विशेषतः पगार महिनोन्‌महिने थकत तेव्हा चूल त्यावरच पेटे. चांगल्या ओंडक्याचे मुद्दाम तुकडे पाडले जाऊ लागले. तीन फुटांहून लांब तुकडा नेता येत नसे, म्हणून तुकडे बरोबर तेवढ्या मापाचे निघत. अधिकाऱ्यांच्या लेखी ही चोरी होती आणि सुतारांच्या लेखी वहिवाट. १८०१ मध्ये तो हक्क काढून घेऊन त्याऐवजी रोख भत्ता देण्यात आला. या काळातला सर्वांत उत्साही टीकाकार म्हणजे लंडनचा दंडाधिकारी पॅट्रिक कोल्हून. महानगरातल्या पोलीस व्यवस्थेवरच्या १७९६ च्या ग्रंथात त्याने चोरापेक्षा चोरीचा माल घेणाऱ्यावर बोट ठेवले. नदीकाठची भंगाराची दुकाने बंद झाली तर गोदीतली चोरी आपोआप आटेल, असा त्याचा युक्तिवाद होता. १७९८ मध्ये थेम्स नदीवर वॉपिंग येथे नदी पोलीस दल सुरू झाले त्यामागेही त्याचा हात होता. कोल्हूनचे आकडे फुगवलेले असत, पण घेणाऱ्याविषयीचे त्याचे निरीक्षण अचूक होते.

ताब्यावरून गुन्हा ठरवणारा कायदा न्यायाधीशांना मात्र कायम अस्वस्थ करत राहिला. अठराव्या शतकात न्यायमूर्ती मायकेल फॉस्टर यांच्यासमोर एका विधवेचा खटला आला. तिच्या घरात राजाच्या खुणेचे कापड सापडले होते आणि तिच्याजवळ दाखला नव्हता. कापड नवऱ्याच्या हयातीपासून घरात उघडपणे वापरात होते आणि त्याच्या मागे तिच्याकडे आले होते. कायद्याचा शब्दश: अर्थ घेतला तर ती दोषी ठरत होती. फॉस्टर यांनी मत दिले की दाखला हा निर्दोषत्वाचा एकमेव पुरावा मानता येणार नाही; परिस्थितीवरून प्रामाणिकपणा दिसत असेल तर तोही पुरेसा आहे. १८६१ मध्ये स्लीप नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा खटला याच वाटेने गेला. त्याने पाठवलेल्या पिंपात बाणाची खूण असलेले तांबे निघाले. ज्युरीने म्हटले की खूण त्याला कळू शकली असती, पण कळली होतीच असे सिद्ध झालेले नाही. वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. या निकालाची गुन्हेगारी कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत पुढे खूप चर्चा झाली, कारण ताबा असणे आणि जाणून ताबा ठेवणे यांतला फरक त्यात स्पष्ट झाला.

१८७५ च्या कायद्याने दोन टोकांना सांधण्याचा प्रयत्न केला. सामान्य माणसाच्या बाबतीत जाणीव महत्त्वाची राहिली. पण सरकारी नोकर, जुन्या धातूंचे व्यापारी, जहाजी भंगारवाले आणि गहाणवटदार यांच्याकडे संशयास्पद माल सापडला तर खुलासा त्यांनीच करायचा होता. खूण खरवडून काढणे हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. दाखल्याचा प्रश्नही हळूहळू वस्तूवरच सोडवला गेला. सेवेतून काढून विकलेल्या बंदुकीवर पहिल्या बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा उलटा बाण ठोकला जाई. दोन बाण समोरासमोर आले की माल सरकारच्या मालकीतून सुटला. कागद हरवतो, ठसा राहतो; लष्करी खुणांच्या सगळ्या इतिहासात याहून शहाणी युक्ती क्वचितच सापडेल. तिची एकच अडचण होती: ती बंदुकीवर आणि लोखंडावर चालते, घोंगडीवर नाही.

हिंदुस्थानच्या लष्करी सामानावर बाणाखाली ‘आय’ हे अक्षर असे. तसे कॅनडाचे ‘सी’ आणि ऑस्ट्रेलियाचे ‘डी’. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि खडकी-देहू रोडचा परिसर लष्करी भांडारांचा मोठा पट्टा बनला. अर्थात सरकारी मालाचा हिशेब ठेवण्याची रीत इंग्रजांबरोबर आली असे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवकालीन लष्कराची शिस्त नोंदली आहे. मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाजवळच्या जिनसांची यादी करायची आणि परतल्यावर झाडा घ्यायचा. यादीबाहेरचे जे निघेल ते सरकारजमा किंवा पगारातून वजा. बारगिराचा घोडा सरकारचा आणि शिलेदाराचा स्वतःचा, हा भेद तर नोकरीच्या दर्जातच मुरलेला होता. इंग्रजांनी वस्तूवर खूण केली, मराठ्यांनी माणसाच्या नावावर नोंद केली. आधुनिक सैन्ये या दोन्ही पद्धती एकत्र वापरतात.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान मित्रराष्ट्रांचे मोठे कोठार झाला आणि कोठारांना गळती लागली. १९४३ मध्ये सरकारने लष्करी भांडारातील मालाच्या बेकायदा ताब्याविरुद्ध वटहुकूम काढला. त्याची रचना १६९८ च्या इंग्रजी कायद्यासारखीच होती: संशयास्पद लष्करी माल सापडला की तो रीतसर मिळाल्याचे सिद्ध करणे ताबेदारावर. युद्ध संपले आणि पाठोपाठ त्याच प्रकारचा माल सरकारनेच बाजारात ओतला. जीपगाड्या, तंबू, ओव्हरकोट, पाण्याच्या बाटल्या, बूट, पॅराशूटचे कापड, सगळे ‘डिस्पोजल’ या एका नावाने विकले गेले. मराठी शहरांत ‘डिस्पोजलचे बूट’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून रुळला तो अजून टिकून आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशा मालाचे ढीग पडत. त्यातला कोणता लिलावात घेतलेला आणि कोणता कुंपणावरून आलेला, हे पाहून सांगणे कोणालाच शक्य नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांत ताब्याचे तत्त्व ठिकठिकाणी उरले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे कलम १२४ असे सांगते की चोरीचा असल्याचा वाजवी संशय येणारा माल ज्याच्याकडे सापडेल आणि ज्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता येणार नाही, तो शिक्षेस पात्र. रेल्वेच्या मालासाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला. सैनिकापुरते १९५० च्या सेना कायद्याचे कलम ५४ आहे. आपल्याला दिलेली शस्त्रे, साहित्य किंवा कपडे परस्पर विकणाऱ्याला त्याखाली १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मिळालेले पदक विकणे किंवा गहाण टाकणे हाही त्याच कलमातला गुन्हा आहे.

अमेरिकेने वेगळा रस्ता धरला, आणि तो एका भंगारवाल्यामुळे स्पष्ट झाला. डिसेंबर १९४८ मध्ये मिशिगनमधला मोरिसेट नावाचा माणूस हवाई दलाच्या बॉम्बसरावाच्या मैदानात हरणाच्या शिकारीला गेला. हरीण मिळाले नाही. मैदानात सरावाच्या बॉम्बची गंजलेली कवचे ढिगांनी पडली होती. किमान खर्च तरी निघावा म्हणून त्याने तीन टन कवचे ट्रकमध्ये भरली, शेतावर नेऊन ट्रॅक्टरखाली चेपटी केली आणि बाजारात विकली. त्याचे ८४ डॉलर आले. हे सगळे त्याने भरदिवसा, काही न लपवता केले. सरकारी मालमत्तेच्या चोरीबद्दल त्याला दोन महिने कैद किंवा २०० डॉलर दंड झाला. कवचे टाकून दिलेली आहेत असे वाटले, हा बचाव खालच्या न्यायालयाने ऐकूनच घेतला नव्हता. १९५२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की, कायद्यात स्पष्ट लिहिलेले नसले तरी चोरीला हेतू लागतोच. त्यामुळे अमेरिकेत सरकारी माल सापडणे पुरेसे नाही. तो चोरीचा आहे हे घेणाऱ्याला माहीत होते, हे सरकारला दाखवावे लागते. फॉस्टर यांनी विधवेसाठी जो दरवाजा किलकिला केला होता, तो इथे पूर्ण उघडला गेला. आजच्या ऑनलाइन खटल्यांची सगळी मेहनत या एका अटीभोवती फिरते.

खुणेची जागा अमेरिकी सैन्यात आकड्यांनी घेतली. प्रत्येक प्रकारच्या वस्तूला १३ अंकी साठा क्रमांक असतो. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात: ५८५५ म्हणजे रात्रीच्या दृष्टीची उपकरणे, ८४७० म्हणजे अंगावरचे चिलखत, ८४१५ म्हणजे विशेष कामाचे कपडे. त्यापुढचे दोन अंक देशाचे. ०० आणि ०१ अमेरिकेचे, ९९ ब्रिटनचे. उरलेले सात त्या वस्तूचे. हा क्रमांक जातीचा असतो, व्यक्तीचा नाही. एकाच प्रकारच्या लाखो पट्ट्यांवर तो सारखाच छापलेला असतो. एकेका नगाची ओळख अनुक्रमांकाने पटते, आणि २००० च्या दशकापासून महागड्या वस्तूंवर यंत्राने वाचता येणारी चौकोनी सांकेतिक खूणही कोरली जाऊ लागली. दुसऱ्या बाजूला सैनिकाच्या नावावर पावती असते. गणवेशाचे साधे कपडे त्याच्या मालकीचे होतात, पण पाठपिशवी, चिलखत, झोपण्याची पिशवी हे सामान सरकारचेच राहते आणि नोकरी संपताना मोजून परत द्यावे लागते. हरवले तर पगारातून भरपाई कापली जाते. इथेच एक पक्का गैरसमज मूळ धरतो: पैसे भरले म्हणजे वस्तू आपली झाली. नियमाप्रमाणे तसे होत नाही. भरपाई दिल्यानंतर ती पिशवी सापडली तरी ती सरकारचीच. गोदीतल्या सुताराला आपल्या चिप्सविषयी जे वाटे, तेच या सैनिकाला पिशवीविषयी वाटते, आणि दोघांचाही माल शेवटी शेजारच्या दुकानात जातो. छावणीच्या फाटकाबाहेर अशी ‘सरप्लस’ची दुकाने जगभर असतात.

१९९५ मध्ये ईबे सुरू झाले, आणि फाटकाबाहेरचे दुकान घराघरांत पोचले. आधी अडचण झाली ती सरकारचीच. २००२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला आढळले की रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे नवेकोरे सूट संरक्षण खाते जादा म्हणून इंटरनेटवर नगामागे ३ डॉलरपेक्षाही कमी दराने विकत होते, आणि त्याच सुमारास सैन्याच्या तुकड्या तसलेच सूट पूर्ण किमतीला घेत होत्या. सैनिकांच्या तयार जेवणाच्या पाकिटांची गोष्ट २००६ मधली. ती ईबेवर विकली जात होती आणि पेट्यांवर ‘पुनर्विक्री बेकायदा’ असे छापलेले होते. अशा पुनर्विक्रीला थेट मनाई करणारा कायदा मात्र नव्हता. छापील ताकीद म्हणजे कायदा नव्हे.

२००८ चा एप्रिल या विषयात महत्त्वाचा. त्याच कार्यालयाने आपले निष्कर्ष प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे मांडले. त्याच्या तपासनिसांनी जानेवारी २००७ ते मार्च २००८ या काळात ओळख लपवून ईबे आणि क्रेगलिस्ट या संकेतस्थळांवरून डझनभर संवेदनशील वस्तू विकत घेतल्या होत्या. त्यांत एफ-१४ या लढाऊ विमानाचे दोन सुटे भाग होते. अमेरिकी नौदलाने ते विमान २००६ मध्येच निवृत्त केले होते. ते तेव्हाही उडवणारा देश एकच होता, इराण. क्रांतीपूर्वी शहाच्या राजवटीला मिळालेली ७९ विमाने सुट्या भागांअभावी अडून बसली होती. याशिवाय लष्करी प्रतीची प्रकाशवर्धक नळी असलेला रात्रदृष्टीचा चष्मा, चिलखत आणि त्यातल्या सिरॅमिकच्या कठीण पाट्या, रासायनिक बचावाचे चोरीला गेलेले साहित्य, आणि लष्कराचा चालू पद्धतीचा गणवेश हे सगळे एका क्लिकवर मिळाले. गणवेश म्हणजे क्षुल्लक वस्तू, असे कोणी म्हणू नये म्हणून अहवालात करबलाची आठवण दिली होती: जानेवारी २००७ मध्ये इराकमधल्या त्या शहरात अमेरिकी धाटणीचे गणवेश घातलेले हल्लेखोर तळात शिरले आणि पाच अमेरिकी सैनिक मारले गेले. दोन्ही संकेतस्थळांवर चोरीच्या मालाला बंदी होती. लष्करी साहित्याविषयीची आणि परदेशी विक्रीविषयीची ताकीद मात्र फक्त ईबेवर होती.

त्या अहवालाने रस्ता दाखवला, चोरी थांबवली नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंटकी-टेनेसी सीमेवरच्या फोर्ट कॅम्पबेल छावणीतले सहा सैनिक आणि दोन नागरिक यांच्यावर आरोप ठेवले गेले. १० लाख डॉलरहून अधिक किमतीची दुर्बिणी, नेमबाजीची साधने, मशिनगनचे भाग, वैमानिकांची शिरस्त्राणे, चिलखते छावणीतून बाहेर काढून ईबेवर विकली गेली होती, आणि ग्राहकांत रशिया, चीन, हाँगकाँग, कझाकस्तान, युक्रेन, मेक्सिकोचे लोक होते. रचना जुनीच: आत माल काढणारा, बाहेर घेणारा आणि पुढे विकणारा. नवीन एवढेच की, शेवटचा ग्राहक कुठे बसला आहे याला आता मर्यादा उरली नव्हती. त्याच वर्षी लिबिया, सीरिया आणि इराकमधल्या फेसबुक गटांवर शस्त्रांचा उघड बाजार भरत असल्याचे पत्रकारांनी दाखवले. इराकी सैन्याला अमेरिकेने पुरवलेल्या काही बंदुकांवर सरकारी नोंदीचे स्टिकर तसेच होते. फेसबुकने जानेवारीतच खासगी शस्त्रविक्रीला बंदी घातली होती, पण ते गट बंद झाले बातमी आल्यावर.

अशा विक्रीतले संशयास्पद काय आणि निर्धास्त काय, हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. सरकार दरवर्षी प्रचंड माल मोडीत काढते. अमेरिकेत प्रत्येक वस्तूला निर्लष्करीकरणाचे सांकेतिक अक्षर असते: ‘ए’ असेल तर जशी आहे तशी विकावी, ‘डी’ असेल तर पूर्ण नष्ट करावी. त्यामुळे एखाद्या जाहिरातीतल्या फोटोत साठा क्रमांक दिसला म्हणून माल चोरीचा ठरत नाही; जेवणाचा डबा आणि तंबू अशाच क्रमांकासह रीतसर विकले जातात. पण ‘डी’ वर्गातली वस्तू अखंड दिसली तर ती कोणत्याही सरकारी लिलावातून आलेली नसण्याचीच शक्यता जास्त. चालू पद्धतीचे चिलखत, सीलबंद पाकिटात एकसारखे वीस-तीस नग, बाजारभावाच्या कित्येक पटींनी कमी किंमत, छावणीच्या गावातला विक्रेता, खरवडलेला अनुक्रमांक किंवा कापून काढलेली पट्टी, आणि माल कुठून आला असे विचारल्यावर मिळणारी उडवाउडवीची उत्तरे. यांतली एकच खूण पुरेशी नसते, दोन-तीन एकत्र आल्या की संशय बळावतो. मोरिसेटच्या निकालानंतर खरवडलेल्या क्रमांकाला वेगळेच वजन आले, कारण तो जाणीव सिद्ध करतो: प्रामाणिक माणूस क्रमांक पुसत नाही. १८७५ च्या ब्रिटिश कायद्याने त्याला वेगळा गुन्हा ठरवले होते ते उगाच नाही. याला आणखी एक फाटा फुटतो तो नकलेचा. खेळातल्या बंदुकांसोबत वापरायच्या नकली चिलखतांवर आणि दुर्बिणींवर अस्सल दिसणारे क्रमांक छापलेले असतात, त्यामुळे तक्रार झालेल्या वस्तूंत नकलाही निघतात. आणि वस्तू कायदेशीर मार्गाने मिळालेली असली तरी ती परदेशी पाठवायला परवाना लागू शकतो. रात्रदृष्टीच्या साधनांना तो लागतोच.

खबर देण्याची रीतही बदलली. १६९८ मध्ये खबऱ्याला दंडाचा अर्धा वाटा मिळे आणि त्यामुळे खोट्या तक्रारींना ऊत येई. आज अमेरिकेत लष्कराचा गुन्हे अन्वेषण विभाग, नौदलाची तशीच संस्था आणि संरक्षण खात्याची गुन्हे अन्वेषण शाखा तक्रारी घेतात. मोठ्या चोऱ्यांत बक्षीसही जाहीर होते. ब्रिटनमध्ये हे काम १९७१ मध्ये एकत्र केलेल्या संरक्षण मंत्रालयाच्या पोलिसांकडे आहे, भारतात स्थानिक पोलीस आणि लष्करी पोलिसांकडे. तपासाला उपयोगी पडणारी तक्रार बहुधा कोरडी असते: जाहिरातीचा पत्ता, दिनांक, विक्रेत्याचे त्या संकेतस्थळावरचे नाव, फोटोत दिसणारे क्रमांक जसेच्या तसे, आणि जाहिरात पुसली जाण्याआधी साठवलेली तिची प्रत. वस्तू विकत घेऊन पुरावा गोळा करणे किंवा विक्रेत्याला जाब विचारणे ही दोन्ही कामे तपासाची वाट लावतात. पहिल्यात घेणारा स्वतःच ताबेदार होतो आणि दुसऱ्यात विक्रेता सावध होऊन माल हलवतो.

खुणा आणि क्रमांक ज्याचा विचारच करत नाहीत, असा माल २०२२ मध्ये पुढे आला. जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या संशोधकांनी ईबेवरून अमेरिकी सैन्याची बोटांचे ठसे आणि बुबुळे टिपणारी सहा यंत्रे घेतली. त्यातल्या एकासाठी त्यांनी ६८ डॉलर मोजले. त्याच्या स्मृतिपत्रात (मेमरी कार्डात) २,६३२ माणसांची नावे, ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा होत्या. बहुतेक अफगाणिस्तान आणि इराकमधले. यंत्र शेवटचे वापरले गेले होते २०१२ मध्ये कंदाहारजवळ. त्याआधी २००६ मध्ये बगराम तळाबाहेरच्या बाजारात तळातून चोरलेले, लष्करी माहिती असलेले पेन ड्राइव्ह विकताना सापडले होते, आणि सैन्याने ते पैसे देऊन परत घेतले होते. अशा वस्तूत भांडवल धातूचे नसते, आतल्या नोंदींचे असते. आणि मोडीत काढताना यंत्र मोजले जाते, स्मृतिपत्र नाही.

भारतात प्रश्न अधिक करून गणवेशाचा राहिला आहे. पठाणकोटच्या हवाई तळावर जानेवारी २०१६ मध्ये हल्ला करणारे लष्करी पोशाखात होते; त्यानंतर सेनेने नागरिकांना असा पोशाख वापरू नये आणि दुकानदारांना तो विकू नये असे आवाहन केले. सैनिकाचा वेश घालून तसा भास निर्माण करणे गुन्हा होतेच, पण कापड विकणे त्या गुन्ह्यात बसत नव्हते आणि बाजारातले बहुतेक कापड चोरीचेही नव्हते. ते सरळ छापलेले असे. २०२२ च्या सेना दिनी, १५ जानेवारीला, नवी ठिपक्यांच्या नक्षीची लढाऊ वर्दी समोर आली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तिची रचना झाली होती. त्याच वर्षी सेनेने त्या नक्षीची आणि रचनेची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी केली. त्यामुळे ही वर्दी परवानगीशिवाय बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर आता चोरी सिद्ध न करता दिवाणी दावा लावता येतो, मनाईहुकूम मागता येतो आणि नुकसानभरपाईही.